भुऱ्या काहून मेला

कोळवाडीच्या मनकर्णाला कुणी कधी उगी बसलेलं पाहिलं नव्हतं. जवळा बाजारच्या अलीकडं, पूर्णेच्या काठानं वसलेलं हे लहानसं गाव. तिथं तिच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज आला की आळीतल्या बाया म्हणायच्या, "आली वावटळ." तोंडानं फटकळ, हाताला चलाख. तिन्ही लेकी नांदायला गेलेल्या. नवरा संतराम दिवसभर वावरात, आणि बोलण्यात असा काटकसरी की घरात माणूस आलंय की बैल सुटून आलाय हे भांड्याच्या आवाजावरून ओळखावं.

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हाच संतराम एका दुपारी वखर अर्ध्यावर सोडून घरी आला. डोक्याचा रुमाल त्यानं हातात धरला होता आणि रुमालात काहीतरी वळवळत होतं.

"अवो, उंदीर काहून आनला घरात?" मनकर्णा ओरडली.

"उंदीर न्हाई. मुंगसाचं पिल्लू हाय. बांधाला बीळ व्हतं, वखरानं फुटलं."

"मग त्याच्या मायपाशी ठेवा जाऊन."

"लई येळ बसलो. माय आलीच न्हाई."

एवढं बोलून संतराम पुन्हा वावरात निघून गेला आणि पिल्लू चुलीपाशी राहिलं. मनकर्णानं आधी त्याला शिव्या घातल्या, मग शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून त्याच्या तोंडाशी धरली. वात चोखता चोखता ते तिच्या मांडीवर झोपलं. मांडी हलवायची नाही म्हणून ती बाई भाकरी करपेपर्यंत बसून राहिली. आळीत ही बातमी झाली. मनकर्णा बसली!

राखाडी, भुरकट अंग, म्हणून नाव पडलं भुऱ्या. वाढला तसा त्यानं घर ताब्यात घेतलं. ती पाण्याला निघाली की तिच्या लुगड्याच्या काठाला धरून चालायचा. बाजारच्या दिवशी पाटीत बसून जवळ्याला जायचा आणि पाटीच्या काठावरून तोंड काढून सारा बाजार बघायचा. अंडं सापडलं की दोन्ही पायांत धरून मागच्या मागं भिंतीवर आपटायचा, फुटलं की चाटून पुसून मोकळा. ही अंडी बहुतेक शेजारच्या शकुबाईच्या कोंबड्यांची असत. साप मात्र त्यानं एकच मारला, तोही बिनविषारी दिवड. पण मारल्यावर असा फुशारून फिरला की जणू काळा नागच लोळवला.

मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं, असा शकुन आपल्याकडं पूर्वीपासून मानतात. त्यामुळं कुणी तालुक्याला निघालं, कुणी सोयरीक बघायला निघालं की वाट वाकडी करून आधी मनकर्णाच्या दारात यायचं. गावचे पाटील माणिकराव तर ओसरीला टेकून उभेच राहायचे.

"वैनी, जरा दाखवा तोंड त्याचं."

"झोपलाय त्यो."

"मग थांबतो."

पाटील एका मुंगसाच्या जागं होण्याची वाट बघत तिच्या दारात उभे आहेत, हे मनकर्णाला फार आवडायचं. तसं ती दाखवायची नाही. पण लेकी गेल्यापासून जे दार दिवसदिवस कुणी वाजवत नव्हतं, त्या दारात आता माणसांची ये-जा होती, आणि ती भुऱ्यामुळं होती हे तिला बराबर ठाऊक होतं.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं ते धास्ती घेऊनच. रझाकारीची धामधूम चालली होती. आज या गावावर धाड आली, काल त्या गावातली जनावरं नेली, अशा बातम्या बाजारातून यायच्या. बरीच गावं उठून निजामाच्या हद्दीपलीकडं वऱ्हाडात चालली होती. कोळवाडीत रोज पारावर बैठक भरायची, जावं की राहावं, आणि रोज काही न ठरता उठायची. वावरात ज्वारीची कणसं खुडून पडली होती, ती सोडून कोण जाणार?

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळी भुऱ्यानं अंडं खाल्लं, शेळीच्या शेपटीशी खेळला, मनकर्णाच्या पाठीवर चढून खांद्यावरून उतरला. ती शेण टाकायला उकिरड्यावर गेली. परत आली तेव्हा तो रांजणाच्या सावलीत, गारव्याला, कुशीवर पडला होता. तिनं हाक मारली. उठला नाही. लाडात आलाय म्हणून पायानं हळूच ढोसलं. मग खाली बसून हात लावला. अंग ऊन होतं, पण मान एका बाजूला लवंडली ती लवंडलीच.

तिनं त्याच्या तोंडात पाणी सोडलं, ते बाहेर वाहिलं. कांदा फोडून नाकाला लावला. छातीवर हात चोळला. मग ती उठली आणि घरभर फिरली. रांजणामागं बघितलं, कणगीखाली काठी घालून बघितली, गोठ्यातला कडबा उपसला. साप नव्हता, विंचू नव्हता. सांडलेलं काही नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता.

संतराम आला तेव्हा ती अंगणातले दगड उलटे करून बघत होती.

"भुऱ्या मेला," ती म्हणाली, आणि पुढचा दगड उलटा केला.

संतराम त्याच्यापाशी जाऊन बसला. बराच वेळ बसला. मग कुदळ घेऊन परसात गेला आणि बोरीखाली खड्डा केला. भुऱ्याला त्यात ठेवून वर खडेमीठ टाकून माती लोटली. मनकर्णा तिथं थांबलीच नाही. ती कुंपणापाशी उभी राहून शकुबाईच्या घराकडं बघत होती.

त्याला कारण होतं. आठवड्यापूर्वीच भुऱ्यानं शकुबाईची खुडूक कोंबडी उठवून तिच्या पोटाखालची अंडी फोडली होती. तेव्हा शकुबाई साऱ्या आळीसमोर बोलली होती, "एक दिस याच्या नरड्यात असं कायतरी घालीन ना, की परत अंडं मागनार न्हाई."

मनकर्णा तडक तिच्या दारात गेली.

"काय घातलंस त्याला?"

शकुबाई सूप पाखडत होती. तिला आधी कळेनाच. कळलं तेव्हा सूप हातातच राहिलं.

"मेला?"

"वर मलाच इचारती! कशात घातलंस? भाकरीत का अंड्यात?"

"घालीन म्हनलं व्हतं मनकर्णे. घातलं न्हाई."

"मग काहून मेला त्यो? चांगला खेळत व्हता!"

"मला काय ठाव? माज्या लेकरायची आन घेऊन सांगते..."

"लेकरायला मदी आनू नको!"

आळी गोळा झाली. दोघींच्या वीस वर्षांच्या शेजारात उसनंपासनं, भांडणं, बाळंतपणं सगळं झालं होतं, पण असं कधी झालं नव्हतं. शेवटी शकुबाईनं दार लावून घेतलं. मनकर्णा बंद दारासमोर उभी राहिली. मग उकिरड्यापर्यंत गेली, परत आली, विहिरीवर गेली, घागर न भरताच परत आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती जवळ्याला गेली. तिथं वडाखाली एक वैदू बसायचा, मुळ्या आणि तेलं विकायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कायतरी खाल्लं असंल."

"काय?"

"आता ते मी कसं सांगू, बाई? तोंडात गेलेलं तोंडालाच ठावं."

ती तिथून जी फिरली ती उन्हात भराभर चालत गावात आली. पाराजवळ बघते तर माणसं जमलेली. माणिकराव मध्ये बसले होते.

"आतापर्यंत मी थांबा म्हनत व्हतो," पाटील सांगत होते. "पन काल मुंगूस गेलं. रोग न्हाई, राई न्हाई, उभ्या उभ्या गेलं. गावचा शकुन गेला. आता हितं राहनं खरं न्हाई. गाड्या जुपा."

माणसं माना डोलवत होती. जे महिनाभर ठरत नव्हतं ते एका घटकेत ठरलं होतं. मनकर्णा गर्दीत घुसली.

"पाटील, तुमाला जायाचं तर जा. माज्या भुऱ्याचं निमित्त काहून करता?"

"निमित्त न्हाई वैनी. लक्षनच तसं हाय."

"कसलं लक्षन? आधी त्यो कशानं मेला ते तर कळू द्या!"

"ते कळलं न्हाई, म्हनूनच लक्षन," माणिकराव शांतपणे म्हणाले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपासून ती एका साध्या कारणासाठी वणवण करत होती. साप, विंचू, विष, काही का असेना. आणि इथं कारण नाही म्हणूनच लोक खुश होते. ती घरी आली, खुरपं घेतलं आणि परसात बोरीखाली बसून माती उकरायला लागली.

ऊन डोक्यावर होतं. माती भुसभुशीत होती, मीठ लागायला लागलं तसा वास आला. तिनं पदर नाकाला बांधला.

कुंपणापलीकडून आवाज आला, "काय करून राहिलीस?"

शकुबाई उभी होती. मनकर्णानं वर बघितलं नाही.

"बघून राहिले."

"काय?"

"दाताची खूण हाय का. न्हाईतर तुजं इख."

कुंपणाच्या काट्या बाजूला सारून शकुबाई अलीकडं आली आणि खड्ड्याच्या पलीकडच्या अंगाला बसली. मनकर्णानं मिठानं माखलेला भुऱ्या बाहेर काढला, मांडीजवळ दगडावर ठेवला. तिला हल्ली जवळचं धड दिसत नव्हतं. त्याच्या अंगावरचे केस मागं सारून ती वाकून वाकून बघत होती.

"आन इकडं," शकुबाई म्हणाली. "तुला सुईत दोरा ओवता येत न्हाई, दाताची खूण काय दिसंल?"

तिनं त्याला हातात घेतलं. कोंबड्यांच्या पिसवा बघायची सवय असलेली ती बोटं. शेपटीपासून सुरुवात करून तिनं केसांची एक एक ओळ फोडत बघितलं. पाय ताणून पंजे बघितले. पोटाची बाजू बघितली. कानांच्या मागं, गळ्याखाली. मग काडीनं तोंड उघडून जीभ बघितली, उन्हाकडं धरून.

"काळी न्हाई. फेस बी न्हाई."

"नीट बघ."

"नीटच बघून राहिले."

"परत बघ."

शकुबाईनं पुन्हा शेपटीपासून सुरुवात केली. मनकर्णा तिच्या हातांकडं बघत होती. तिला वाटत होतं, आता सापडेल. कुठंतरी दोन ठिपके, लाल, सुजलेले. ते सापडले असते तर ती त्या सापाच्या नावानं बोटं मोडत निजली असती. विषच निघालं असतं तरी चाललं असतं. मग शकुबाईशी जन्माचं वैर, ते तिला जमलं असतं.

"काईच न्हाई गं," शकुबाई म्हणाली. "निजल्यावानी हाय."

आणि ती रडायला लागली. मनकर्णानं तिच्याकडं बघितलं. आपल्याला आलं नव्हतं ते रडू या बाईला आलेलं बघून ती चकित झाली.

"तू काहून रडती?"

"मी बोलले व्हते ना, नरड्यात घालीन म्हनून. सारं गाव बोलून राहिलं. मला बी काल दिसभर वाटत व्हतं, माज्या कोंबडीला काई झालं असंल, त्याचं अंडं यानं खाल्लं असंल... सकाळी सारी खुराडी धुंडली मी."

मनकर्णा उठली, रांजणातून तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं. दोघींनी मिळून भुऱ्याला परत मातीत ठेवलं. या खेपेला वर दगडही रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मग विहिरीवर जाऊन हात धुतले. येताना शकुबाई म्हणाली, "गाड्या जुपून राहिलेत. तुमी येनार का?"

"बघू," मनकर्णा म्हणाली.

दोन दिवसांनी कोळवाडी निघाली. संतराम आणि मनकर्णाही निघाले, कारण रिकाम्या गावात दोघं राहून करणार काय? तिचं डोकं मात्र वाटभर गाडीच्या चाकासारखं फिरत होतं. परसातल्या पिवळ्या कण्हेरीचं पान तर नव्हतं खाल्लं? आदल्या दिवशी शेळीनं लाथ मारली होती का? ऊन लागलं? ती मध्येच गाडीतून उतरून चालायला लागायची, दमली की चढायची, पुन्हा उतरायची.

"बस की जरा," संतराम म्हणायचा.

"बसून काय करू?"

शकुबाईनं आपल्या कोंबड्या डालग्यात घालून गाडीला बांधल्या होत्या. हिंगोलीच्या अंगाला कयाधू ओलांडताना डालगं पाण्यात पडायला आलं, तेव्हा मनकर्णानंच उडी घेऊन ते उचललं आणि हद्द लागेपर्यंत डोक्यावर वाहिलं. हाताला काम होतं तेवढा वेळ डोकं गप्प राहिलं.

वऱ्हाडात वाशीमच्या बाहेर झाडांखाली पालं टाकून माणसं राहिली. उन्हाळा तिथंच गेला, पावसाळाही. तिथंच खबर आली की कोळवाडीवर धाड पडली, घरं फोडली, कडब्याच्या गंज्या पेटवल्या. गावात कुणी नव्हतं म्हणून जीव वाचले. ते ऐकल्यावर माणिकरावांनी डोक्याचा पटका काढला आणि कोळवाडीच्या दिशेनं हात जोडले.

"मुंगसानं आपला जीव दिला आन् गाव वाचवलं," ते म्हणाले. बायामाणसांनी हात जोडले. कुणीतरी मनकर्णाच्या पाया पडायला आलं.

ती मागं सरली. "त्यानं काई दिला न्हाई. त्याचा गेला," ती म्हणाली. पण त्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शेजारच्या पालात लमाणांच्या एका तांड्यावरची माणसं होती. त्यांच्यात हिरासिंग नावाचा एक म्हातारा. त्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, त्याचा स्वतःचा जन्मही जनावरांत गेला होता. मनकर्णानं त्याला गाठलं आणि सारं सांगितलं. त्यानं खोदून खोदून विचारलं. पाणी किती प्यायचा, लेंडी कशी होती, अंग थंड व्हायला किती वेळ लागला, डोळे उघडे की मिटलेले. तिनं सगळं सांगितलं, रांजणाची सावली कोणत्या अंगाला होती तेसुद्धा. शेवटी म्हातारा दाढी खाजवत म्हणाला, "मला न्हाई कळत, बाई."

"मग एवढं इचारलं काहून?"

"तू सांगून राहिली व्हतीस म्हनून."

ती रागानं उठून गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यापाशी जाऊन बसली आणि भुऱ्या अंडं कसं फोडायचा ते सांगायला लागली. ते त्यानं विचारलंही नव्हतं.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. रस्ते मोकळे झाले तशी गाडी पुन्हा कोळवाडीला लागली. दाराची फळी नव्हती, रांजण फुटला होता, कणगीत पाखरांनी घरटं केलं होतं. वावरात तण कमरेइतकं. सगळे कामाला लागले. त्या धांदलीतही माणिकराव एका सकाळी एक गोल दगड घेऊन आले. दगडाला शेंदूर फासला होता.

"वैनी, बोरीखाली ठेवावा म्हनतो. लोकायची इच्छा हाय."

मनकर्णा चिखल तुडवत होती, भिंत लिंपायला. ती तशीच थांबली. संतराम तिच्या तोंडाकडं बघत होता. आता पाटलांची खैर नाही असं त्याला वाटलं.

"ठेवा," ती म्हणाली. "पन जो कोन पाया पडंल त्याला मी खरं सांगनार. त्यो अंडी चोरायचा. मला बी एकदा चावला व्हता. आन् त्यो काहून मेला ते कुनालाच ठावं न्हाई. चालतंय का?"

"चालतंय," माणिकराव हसून म्हणाले, कारण त्यांना वाटलं, सांगेल चार दिवस आणि थांबेल.

ती थांबली नाही. दगडापुढं नारळ घेऊन आलेल्या पहिल्या बाईला तिनं उभं करून सगळं सांगितलं. त्या बाईनं नारळ फोडायचा तो फोडलाच, पण जाताना अंडं फोडायची नक्कल बघून पोट धरून हसली. शकुबाई कुंपणाजवळून ओरडली, "माजीच अंडी व्हती ती, सांग तिला!"

घरात मात्र मनकर्णाचा जीव रमेना. लिंपून झालं, सारवून झालं, की पुन्हा आत-बाहेर, आत-बाहेर. रब्बीच्या पेरणीला संतरामनं तिफण जुंपली तेव्हा चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, धरायला माणूस नव्हतं. चाड्यातून ज्वारीचं बी एकसारखं पडावं लागतं. मूठ सैल पडली की दाट होतं, आखडली की विरळ. गावातल्या दोन-तीन बायांनाच ते जमायचं आणि त्या आपापल्या वावरात होत्या.

"मी धरते," मनकर्णा म्हणाली.

"तू?"

"मग काय पाटलाला बोलावू?"

पहिल्या तासाला, तिफणीच्या पहिल्या फेरीला, तिचं बी कुठं ढीग पडलं, कुठं पडलंच नाही. संतराम वळून बघायचा आणि पुन्हा बैल हाकायचा. ऊन चढलं, ओटीतलं बी संपत आलं, पुन्हा भरलं. बोटं आखडली. वावराच्या त्या टोकाला पोचल्यावर त्यानं बैल थांबवले आणि तासाच्या तोंडाशी माती बोटानं उकरून बघितली.

"आता बरं पडून राहिलं," तो म्हणाला.

"हाका तुमी," मनकर्णा म्हणाली. "येळ होऊन राहिला."